पश्मीचं पाणी

सासरे आमच्याकडे आले ते गावाला कडबा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून. आधी त्यांची वळकटी खाली आली, मग ते स्वतः, आणि मग एक कुत्री अशी उतरली की पाय टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. शेजारच्या काकूंनी कमरेवर हात ठेवून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मलाच विचारलं, "का हो, उपाशी ठेवायलात का हिला? बरगड्या दिसायल्यात की!"

मला राग आला, कारण मलाही नेमकं तेच वाटलं होतं.

लातूरचा तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, आणि नळ मात्र जुनेच, त्यांना पाणी नव्हतं. आमचे हे नव्या कचेरीत कारकून म्हणून लागले होते. उदगीरकडच्या आमच्या गावातल्या विहिरी आटल्या, सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, म्हणून यांनी सासऱ्यांना बळेबळे बोलावून घेतलं. कुत्री बरोबर येणार असेल तरच येतो, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

ती पश्मी जातीची होती. आमच्या भागात काही लोक या कुत्र्यांना कारवानीही म्हणतात. घोडे विकायला येणाऱ्या काफिल्यांबरोबर त्यांचे पूर्वज डोंगर-वाळवंटं तुडवत इकडे आले, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे. पण ती अंगणात बसली की आमचं घर, नवा जिल्हा, समोरचा रस्ता, सगळं कालपरवाचं वाटायचं. निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला जाऊन लागलेलं पोट, कानांना आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस. डोळे नेहमी आपल्या पलीकडे कुठेतरी लागलेले. आमचं घर लिंगायतांचं, पूजा झाल्याशिवाय सासरे पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत. आणि ही शिकारी जात आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खात आलेली! शेतातली हरणं हुसकायची, एवढंच तिचं काम. सासऱ्यांशिवाय कोणाचा हात अंगाला लागलेला तिला चालत नसे. चावायची नाही, गुरगुरायचीही नाही. नुसती उठून दोन पावलं लांब जाऊन बसायची, आणि आपण काहीतरी चुकीचं बोलून बसलो असं वाटायचं.

एका सकाळी सरपण गोळा करायला मी सासऱ्यांबरोबर गावाबाहेरच्या आटलेल्या तळ्यावर गेले. त्यांनी तिच्या गळ्यातला रुंद चामड्याचा पट्टा सोडला आणि जिभेनं टक् केलं. त्यांनी तिला नाव असं ठेवलंच नव्हतं, हाच आवाज तिची हाक. ती थोडी चालली, तिला लांब काहीतरी दिसलं आणि ती गेली. पळाली म्हणायला माझी जीभ वळत नाही. पाठ धनुष्यासारखी वाकत होती, सरळ होत होती, आणि चारही पाय एकदम जमिनीवरून सुटलेले मी या डोळ्यांनी पाहिले. भेगाळलेल्या तळावरून धुळीची एक रेघ थेट पलीकडच्या काठापर्यंत गेली आणि तशीच वळून परत आली. माझ्या हातातल्या काटक्या कधी पडल्या ते कळलंच नाही. मला रडू आलं. काकूंना दिसणाऱ्या त्या बरगड्या कशासाठी आहेत हे मला तेव्हा समजलं.

"आज लई दिसांनी मोकळी झाली," सासरे म्हणाले आणि पट्टा बांधायला खाली बसले.

कुत्रीपेक्षा मला जड जायचे ते सासरेच. माझं माहेर हदगावचं. तिथे पाहुणा नको म्हणाला की ताटात एक भाकरी पडते, त्यानं हातानं ताट झाकलं की बोटांच्या फटीतून वरण ओततात. तसं केलं नाही तर या घरात मनापासून वाढत नाहीत असा बोभाटा होतो. मी त्याच तालमीत तयार झालेली. सासरे ताटावर बसले की माझं सुरू व्हायचं, "मामा, अर्धी घ्याच. मामा, माझ्यासाठी." ते "बस झालं, बाई" म्हणून उठायचे आणि ताटात भाकरीचा चतकोर तसाच राहायचा. माझा स्वयंपाक त्यांना सासूबाईंच्या हातचा लागत नाही, असं मी धरून चालले होते. त्यांनीही "गावाकडं जातो आता" असं पुटपुटायला सुरुवात केली होती.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. नणंद नांदेडला, म्हणून तेही नांदेडलाच. एसटीत चढताना ते मला म्हणाले, "तिला जप. तुझ्या सासूच्या हातावर वाढलेलं पिल्लू हाय ते. माझ्यापाशी तिचं तेवढंच राहिलंय." एवढं लांब वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले होते.

आणि कुत्रीनं अन्नपाणी सोडलं.

भाकरीला तोंड लावेना ते एक वेळ समजून घेतलं. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि ती पाण्यालाही शिवेना. मी माझी सगळी हदगावी विद्या पणाला लावली. भांडं तिच्या तोंडाजवळ धरलं, "घे गं बाई, एक घोट, माझ्यासाठी," म्हणून विनवलं, ताकात दूध घातलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे, कुंपणापाशी काकू. ती मान फिरवायची. जरा नेट लावला की दोन पावलं लांब. रात्री भांडं आत घ्यावं लागलं, कारण त्या वर्षी पाणी बाहेर उघड्यावर कोण ठेवणार? दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "पाणी गेलं नाही पोटात, तर या उन्हात टिकायची नाही." सासऱ्यांना काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मी पुन्हा भांडं घेऊन तिच्यासमोर बसले.

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. टँकर म्हटलं की गल्लीत कोणी कोणाचं नसे. भांडं तिथंच टाकून मी घागरी उचलल्या आणि धावले. काकूही धावल्या. नंबर लावून, धापा टाकत मी सहज मागे वळून पाहिलं. अंगणात चिटपाखरू नव्हतं. ती उठली. मान खाली घातली. सावकाश, एखादी राणी पिईल तशी, ती पाणी प्यायली. भांडं रिकामं होईपर्यंत.

मी नंबर सोडला नाही, पण घागर भरताना माझी नजर अंगणाकडेच होती. सासरे तिच्यासमोर भाकरी ठेवायचे आणि पाठ करून पानाला चुना लावत बसायचे, हे मी रोज पाहत होते. ती त्यांची सवय असेल असं वाटायचं. हजारो कोस चालून आलेल्या जातीला कोणी भरवत नसतं, तिच्यापुढे ठेवायचं असतं आणि बाजूला व्हायचं असतं. मला ते पाण्यासाठी पळावं लागल्यामुळे कळलं.

त्यानंतर मी भांडं ठेवायची आणि तिच्याकडे पाठ करून ज्वारी निवडत बसायची. मागून लपलप ऐकू यायची. एके दुपारी ती थांबली आणि माझ्या खांद्याला काहीतरी ओलं, गार लागलं. तिचं नाक होतं. मी श्वास रोखून बसून राहिले. देवळात कौल मिळाल्यावर माणूस बसतो तशी.

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले सासरे परत आले तेव्हा तिनं त्यांच्या गुडघ्यावर मान टेकली. त्यांनी चाचपडत तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाले, "हाय तशीच हाय."

त्या दिवशी मी त्यांचं ताट वाढलं, भाकऱ्यांची टोपली फडक्यानं झाकून त्यांच्या हाताशी सरकवली आणि काही न बोलता चुलीकडे तोंड करून बसले. घ्या म्हणून जीभ नुसती वळवळत होती, पण मी ती आवरली. चुलीतली लाकडं सारखी केली. मग फडकं सरकल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा एकदा.

"पोरी," सासरे म्हणाले, "आजून एक टाक तव्यावर."

मी मागे न बघता परातीत पीठ घेतलं.