पायडलखालचं लाकूड

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या काकूंना गल्लीत सगळे ‘कात्री’ म्हणत. धंद्यामुळे थोडं आणि जिभेमुळे जास्त. त्या दिवशी तर त्या संतापानं लाल झाल्या होत्या. धाकट्या दिरानं त्यांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या होत्या!

“रिपोर्टमध्ये रोग सापडत नाही म्हणून लिहिलंय ना, वहिनी? मग उगाच पोटात विष कशाला?” भाऊजी म्हणाले. नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकंही न काढता री ओढली, “तुझ्या भल्यासाठीच केलंय त्यानं.”

भल्यासाठी म्हणे! उंटावरून शेळ्या हाकायला हे दोघे, आणि जीव जायचा काकूंचा. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर किती सोपं करून सांगितलं होतं. पेशीला बाहेरून निरोप आला, की आतली किनेज नावाची प्रथिनं तो हातोहात पुढे नेतात. एक दुसऱ्याला फॉस्फेटचा कण चिकटवतं, ते जागं होऊन तिसऱ्याला उठवतं, आणि शेवटी हुकूम सुटतो, ‘वाढा!’ काम झालं की कण काढले जातात नि सगळं शांत. काकूंच्या रक्तात मात्र एक किनेज बिघडलेलं. निरोप असो नसो, ते आपलं हुकूम सोडतच राहतं. गोळी त्याच्या खाचेत ठाण मांडते, म्हणून ते गप्प. गोळी बंद, की ते पुन्हा सुरू. यात न कळण्यासारखं काय होतं?

काकूंनी दिराला विजेवर चालणाऱ्या शिलाई मशीनपाशी ओढत नेलं. पायडलची स्प्रिंग तुटल्यापासून ते आपोआप खाली बसे आणि मशीन धावत सुटे. म्हणून काकूंनी खाली लाकडाचा तुकडा अडकवला होता.

“मशीन शांत आहे ना? मग बरं झालं म्हणायचं?”

“दिसतंय तर ठीक,” भाऊजी चाचरले.

काकूंनी त्यांचाच शिवायला टाकलेला नवा शर्ट सुईखाली सरकवला आणि लाकूड काढून घेतलं. मशीन खडखडत सुटलं. कॉलर, खिसा, बाही, सगळं एकात एक शिवलं जाऊ लागलं.

“अहो वहिनी, थांबवा! माझा शर्ट!”

“शर्टासाठी एवढा जीव तुटतोय? तो मी उसवून पुन्हा शिवेन, भाऊजी. मला कोण शिवणार?”

नवऱ्याचं वर्तमानपत्र खाली आलं. भाऊजींनी वाकून स्वतःच लाकूड पायडलखाली सारलं आणि हळूच औषधाची चिठ्ठी मागितली.

काकूंनी ती दिली. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्हीही जा बरोबर.” आणि शर्ट उसवायला बसल्या. राग काही उतरला नव्हता.