ड्रम इथेच राहणार ना?

समजा, तुम्हाला एक व्हॉल्व्ह निवडायचा आहे. अंगठ्याएवढा. आत एक गोळी, गोळीमागे स्प्रिंग. गाड्या धुण्याच्या हॉलमध्ये शाम्पूच्या नळीत तो बसवायचा. शाम्पू पुढे जाऊ द्यायचा आणि पाणी उलटं ड्रममध्ये येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तुम्ही मऊ स्प्रिंगचा उचलाल, आणि ड्रम जमिनीवर असेल तर तुमचं बरोबरच आहे. खालून शाम्पू ओढून घ्यायचा, तर व्हॉल्व्ह सहज उघडायला हवा. पण तोच ड्रम कुणी माळ्यावर नेऊन ठेवला तर? आता शाम्पू आपल्याच वजनाने खाली येऊ बघतो. मशीन बंद झालं तरी मऊ स्प्रिंग दबते, गोळी सरकते आणि धार चालूच राहते. तिथे कडक स्प्रिंग हवी. नळीत उभ्या असलेल्या शाम्पूच्या वजनाला दाद न देणारी, मशीनने ओढलं तरच उघडणारी. थोडक्यात, कॅटलॉग उघडण्याआधी एकच गोष्ट विचारायची असते: ड्रम खाली की वर?

चार वर्षांपूर्वी ईश्वरीने ती विचारली नव्हती.

ईश्वरी बार्शीची. पुण्यात इंजिनिअरिंग, मग जर्मनीत मास्टर्स, आणि कोलोनजवळ कार वॉशची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत पहिली नोकरी. ती अजून प्रोबेत्साइटमध्ये होती. म्हणजे पहिले सहा महिने, ज्यात कंपनी फारशी कारणं न देता घरी पाठवू शकते. त्याच ऑफिसात हृषिकेश मोघे होता, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. ती त्याला दादा म्हणायची. गणपतीत त्याच्या घरी मोदक वळायला बसायची. मीनलवहिनी तिला डबा भरून द्यायच्या आणि डबा परत मागायच्या नाहीत.

एका गिऱ्हाइकाचे व्हॉल्व्ह निवडायचं काम तिच्याकडे आलं. नकाशात ड्रम जमिनीवर होते, तिने मऊ स्प्रिंगचे घेतले. मधल्या काळात गिऱ्हाइकाने ड्रम माळ्यावर चढवले होते आणि तसं फोन करून कळवलंही होतं. ते गिऱ्हाईक हृषिकेश सांभाळायचा, फोन त्यालाच आला होता. शनिवार-रविवार हॉल बंद असताना ड्रमच्या ड्रम गटारात वाहून गेले. नगरपालिकेचे लोक आले. कंपनीचे साहेब, हेर म्हणजे श्रीयुत फोगेल, यांनी सगळ्यांना समोर बसवून विचारलं, "व्हॉल्व्ह कोणी निवडले?"

"ईश्वरीने," हृषिकेश म्हणाला.

खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. बाहेर कॉफीच्या मशीनपाशी तिने त्याला गाठलं. "दादा, ड्रम वर गेलेत हे मला कुणी सांगितलंच नाही."

कपाकडे बघत तो म्हणाला, "अगं, तू विचारायला हवं होतंस."

त्या आठवड्यात तिची नोकरी गेली. आई-बाबांची तिकिटं काढलेली होती. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला होता, शेजाऱ्यांना दाखवून झाला होता. तिकिटं रद्द केली. पुढे तिला दुसरी नोकरी लागली, तोवर बाबांचे गुडघे गेले. आता ते फोनवर म्हणतात, "आम्ही इथूनच बघतो गं तुझं जर्मनी." हे वाक्य ऐकलं की ईश्वरीला हृषिकेशचा तो कप आठवतो. निळा, कडेला टवका उडालेला.

आता ती फ्रँकफर्टमध्ये आहे. शहराभोवती पाच-सहा कार वॉश चालवणाऱ्या एका कंपनीची तांत्रिक बाजू तिच्याकडे आहे. नव्या हॉलसाठी यंत्रं मागवायची ठरली, तेव्हा जुन्या कंपनीचंही कोटेशन आलं. खाली सही मोघ्यांची. ते तिने बाजूला ठेवलं नाही. उलट त्यांनाच काम मिळेल असं बघितलं. हॉलमध्ये ड्रम जमिनीवर होते आणि पुढे माळ्यावर जाणार होते. हे फक्त तिला माहीत होतं.

चाकं धुण्याच्या ॲसिडची लाइन मात्र तिने या कामातून वगळली, तिचे व्हॉल्व्ह स्वतः निवडले, दुसरीकडून मागवले. कुणाच्या अंगावर काही पडायला नको होतं. अब्रूवर पडलं तर हवंच होतं.

हृषिकेश पाहणीला आला. केस पांढरे झाले होते.

"अगं ईश्वरी! तू इथे?"

"या, हेर मोघे."

"दादावरून डायरेक्ट हेर?" तो हसला.

"ऑफिस आहे ना."

"गेनाऊ, गेनाऊ, बरोबर आहे," म्हणत त्याने टेप काढला. नळ्यांची लांबी मोजली, ड्रमवरची लेबलं वाचली. ती त्याच्या पाठीकडे बघत उभी होती. हा विचारणार नाही, याची तिला खात्री होती. आणि बोंब झाली की काय म्हणायचं तेही पाठ होतं: 'तुम्ही विचारायला हवं होतं.' ते वाक्य तिने आरशासमोर मराठीत म्हणून बघितलं होतं आणि जर्मनमध्येही.

हृषिकेश उठला, पँट झटकली आणि वर माळ्याकडे बघत म्हणाला, "ड्रम इथेच राहणार ना?"

विचारलंच त्याने.

एवढ्या वर्षांत तिने पाठ केलेलं वाक्य त्या एका प्रश्नाने बाद झालं. आता खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण तिला बाबांचा पासपोर्ट दिसला, एकही शिक्का नसलेला.

"हो," ती म्हणाली. "इथेच."

यंत्रं बसली. त्याची माणसं परत गेल्यावर ईश्वरीने आपल्या माणसांकडून ड्रम माळ्यावर नेले, नळ्या वाढवून घेतल्या. मग आला आबनामंचा दिवस. काम तपासून ताब्यात घ्यायचं आणि दोन्ही बाजूंनी मान्य करायचं, असा तो दिवस. ईश्वरीने मुद्दाम आग्रह धरल्यामुळे हेर फोगेल स्वतः आले होते. त्यांनी मोठ्या हौसेने स्वतःची काळी गाडी आत घातली. फेस आला, ब्रश फिरले, पाणी आलं, वारा आला. लखलखीत गाडी कमानीखाली थांबली. मशीन बंद झालं.

आणि कमानीतून गुलाबी शाम्पू बॉनेटवर ठिबकायला लागला. आधी थेंब, मग बारीक धार. थांबेचना. फोगेल गाडीतून उतरले, तर त्यांच्या खांद्यावरही पडला.

"व्हॉल्व्ह कोणी निवडले?" त्यांनी विचारलं. शब्दन् शब्द तोच.

ईश्वरीच्या छातीत कसं गार वाटलं. याच क्षणासाठी तर ती थांबली होती.

हृषिकेशने वर बघितलं. माळ्यावर ओळीने ड्रम. मग त्याने तिच्याकडे बघितलं. नीट, सावकाश. ती सज्ज होती. तो म्हणणार, 'हिने सांगितलं होतं खालीच राहणार', आणि ती म्हणणार, 'मी? कधी?' पाहणीच्या दिवशी तिथे तिसरं कुणी नव्हतंच.

"मी निवडले," तो म्हणाला. "चूक माझी."

फोगेल त्याला सगळ्यांसमोर बोलले. बरंच बोलले. तो मान खाली घालून जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, करत राहिला. मग गाडीतून पेटी घेऊन आला, शिडी लावली आणि स्वतः एकेक व्हॉल्व्ह बदलू लागला. ईश्वरी शिडीखाली जाऊन उभी राहिली. पेटीत दोन कप्पे होते. एकात मऊ स्प्रिंगचे व्हॉल्व्ह, दुसऱ्यात कडक.

"दोन्ही बरोबर घेऊन फिरता?" न राहवून तिने विचारलं.

"हो. तेव्हापासून."

"खरं का नाही सांगितलंत त्यांना?"

त्याने पाना आवळला. ठिबकणं थांबलं. "बाबा आले का गं नंतर कधी?"

"नाही."

"हं," तो म्हणाला, आणि शिडी पुढच्या नळीकडे सरकवली.

ईश्वरी घरी आली ती धुमसतच. चार वर्षं जपलेला सूड या माणसाने जणू हातातून काढून घेतला होता. तो फसला, बोलणी खाल्ली, अगदी तिला हवं होतं तसंच सगळं झालं. तरी खोटं बोललेली एकटी तीच उरली. तो भांडला असता तर किती बरं झालं असतं! अपराधी माणूस असा गप्प बसतो. पण मुळात साधा, विसराळू, निरुपद्रवी माणूसही गप्प बसतोच की. कॉफीच्या मशीनपाशी त्याने नजर का चुकवली होती, हे त्या पेटीवरून कळत नाही.

त्याचा नंबर अजून तिच्या फोनमध्ये आहे, 'दादा' या नावाने. ती तो काढते, बघते आणि ठेवून देते. विचारायचं एवढंच आहे: तो फोन आला होता, ड्रम वर गेले होते, तेव्हा तू मला सांगायचं विसरलास, की सांगितलं नाहीस?