पालखीपुढची चाल

हे सांगायचं मी आजवर टाळलं. गावाकडच्या जुन्या सोबत्यांना आणि माझ्यासारख्या इंग्लंडात येऊन राहिलेल्यांना आता ते कळायला हवं.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली मी वडूजच्या स्टँडवरून निघालो. माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवायला शेजारचा दत्तूदादा आला होता, बोडक्या डोक्यानं. आठवड्यापूर्वी त्याच डोक्यावर माझ्या वडिलांनी स्वतः फेटा बांधला होता.

दादा गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. जत्रेत देवीच्या पालखीपुढं वाजवायचा मान त्याच्या घराण्याचा. बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मामानं एक इंग्रजी रेकॉर्ड आणली होती. चार गोऱ्या पोरांचा रॉक बँड. दोन वर्षांत फुटला, पण तेवढ्यात त्यांच्याच देशातल्या रेडिओनं त्यांची गाणी बंद केली होती. वेष्टनावर चौघेही पाद्र्यांच्या झग्यात, हातात दारूच्या बाटल्या. ते वेष्टन लपवून त्यातली एक संथ चाल मी दादाला ऐकवली.

"लय ग्वाड हाय रं. पालखीला बसंल."

जत्रेत ती वाजली तेव्हा बायकांनी डोळे पुसले. देवस्थानचे पंच असलेल्या वडिलांनी दादाला फेटा बांधला तो तेव्हाच.

मग सुट्टीवर आलेला एक फौजी पारावर हसत सुटला. "आवं, ही तर त्या बाटलीवाल्या गोऱ्यांची चाल! सायबाच्या बंगल्यावर ऐकलीया म्या. दत्तू, देवीला क्लबात न्हेतो व्हय रं?"

बाकी कुणी हसलं नाही. वडिलांनी विचारलं, "कुणाकडनं शिकलास?"

दादानं एकदा माझ्याकडं बघितलं. वडील चिडले असते तर माझं इंग्लंडला जाणं राहिलं असतं. मी पायातल्या चपला बघत बसलो.

"रेडिओवर ऐकली, आबा," दादा म्हणाला.

वडिलांनी फेटा उतरवून घेतला. पालखीचा मान कुंडलच्या बँडला गेला. स्टँडवर दादा एवढंच म्हणाला, "जा गड्या. माझं सोड."

बर्मिंगहॅमच्या फाउंड्रीत मी शिफ्टा केल्या, ओव्हरटाइम केला, हप्त्यावर घर घेतलं. एका रविवारी जवळच्या चर्चमधून तीच चाल ऐकू आली. कामावरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्याला विचारलं. ते त्यांचं जुनं भजन निघालं. त्या पोरांनी त्यावर चावट शब्द चढवले, म्हणून तर बंदी. दादानं देवीपुढं देवाचीच चाल वाजवली होती.

हे गावाला लगेच कळवायला हवं होतं. पण मग रेकॉर्ड कुणाची, तेही लिहावं लागलं असतं. वडील होते तोवर मी काही लिहिलं नाही.

ते गेल्यावर गावी गेलो. दादाच्या ओसरीवर क्लॅरिनेट खुंटीला टांगलेलं, तोंडात चिंधी कोंबलेली. चहाचा कप माझ्या हातात देत त्यानं विचारलं, "तिकडं वाजवत्यात का रं आपली चाल?"

"व्हय दादा. त्यांच्या देवळात."

"बग! मला वाटलंच हुतं," तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ हसत राहिला.

आता दादा नाही. माझं घर इथं आहे, नातवंडं इथली आहेत. तरी गाव म्हटलं की मला पारावरची ती नजर दिसते, अजून माझ्या तोंडाकडं बघणारी. रेकॉर्ड माझी आहे, हे मी पारावर म्हणायला हवं होतं. दादा, मला माफ कर, हे ओसरीवर म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, चहा चांगला झालाय.