मांडवाची वाटणी

परदेशात शिकायला गेलो तेव्हा मी ज्या शिंपीकाकांकडे खोली घेतली ते ज्यू होते, विधुर होते आणि स्वतःच्या मते साऱ्या शहरातले सर्वांत नम्र गृहस्थ होते. आपल्या नम्रपणाबद्दल ते तासन्‌तास बोलत. खाली त्यांचं दुकान, वर घर, त्या घरात मागच्या बाजूची खोली माझी आणि आमच्या डोक्यावर त्यांचे थोरले भाऊ. दोघा भावांमध्ये एक लाकडी जिना होता आणि वर्षानुवर्षांचा अबोला.

भाऊबंदकी हा खास आपलाच गृहोद्योग आहे, असा माझा अभिमान होता. त्याला शरदात तडा गेला. त्या दिवसांत ज्यूंचे सण रांग लावून येतात. आधी नवं वर्ष, मग योम किप्पूर, म्हणजे पापं धुऊन काढण्याचा कडक उपास. तो सुटतो न सुटतो तोच मांडवाचा सण. अंगणात मांडव घालायचा, वर फांद्या विरळ टाकायच्या आणि आठवडाभर त्यातच जेवायचं.

"तुमचा मांडव कुठे आहे, काका?" मी विचारलं.

"अर्धा माळ्यावर. कापडी भिंती माझ्याकडे, खांब दादाकडे."

भांडण झालं तेव्हा भावांनी वडिलांच्या मांडवाची वाटणी केली होती! बांधावरून डोकी फोडणारे भाऊ मी पाहिले होते; पण एकाने भिंती घ्यायच्या, दुसऱ्याने खांब, आणि सणाला दोघांनीही आपापल्या स्वयंपाकघरात एकटं जेवायचं, इतकी काटेकोर न्यायबुद्धी आपल्याकडेही विरळाच.

कारण काय, तर थोरल्यांच्या जावयाचा लग्नातला कोट. तो काकांनी शिवला होता. कोट खांद्यात वाकडा बसलाय, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा काका भर लग्नात म्हणाले, "कोट सरळ आहे, माणूस वाकडा आहे." पाहुणे पोट धरून हसले आणि जावई नातेवाइकांत कायमचा 'वाकड्या' झाला.

आता सण आटोपले की थोरले त्याच जावयाकडे, दूरच्या गावी, कायमचे राहायला जाणार होते. मांडव व्हायचा तर यंदाच.

"उपासाच्या आधी ज्याचं मन दुखावलं त्याची माफी मागायची असते," काकांनी मला शास्त्र समजावलं. "माणसामाणसांच्या भानगडीत देव पडत नाही. तीनदा मागूनही समोरच्याने दिली नाही, तर आपण सुटलो. पाप त्याच्या गळ्यात. साक्षीला तू चल."

"मला तुमच्यातलं काय कळतंय?"

"कुणी नाही म्हटलेलं कळतं ना? झालं तर!"

काका इस्त्रीचा सदरा घालून वर गेले. थोरल्यांनी दार उघडलं.

"दादा, मी बोललो त्याची माफी मागतो. खोटं काही बोललो नव्हतो, पण मागतो."

दार धाडकन बंद.

"एक!" काका जिना उतरताना म्हणाले. चेहरा असा, जणू मुलगा बोर्डात आलाय.

दुसऱ्या खेपेला ते आणखी नम्र झाले. "दादा, एकेकाचे खांदेच तसे असतात, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

"चालता हो!"

"दोन!"

उपास लागायच्या दिवशी, ऊन कलल्यावर, आम्ही तिसऱ्यांदा चढलो. पण थोरल्यांनाही शास्त्र पाठ होतं. नाही म्हणावं तर पाप गळ्यात, हो म्हणावं तर अपमान घशात. त्यांनी मधला मार्ग काढला: दारच उघडायचं नाही. आत खुर्ची करकरली. एक खोकला आला, तोही अर्ध्यात दाबला गेला.

"दादा, आहेस ना?"

"नाही!"

"काका, नाही म्हणाले," मी कुजबुजलो. "तीन झाले. सुटलात. चला."

काका हलले नाहीत. "गप रे. मी अजून मागितलीच कुठे?"

ते वरच्या पायरीवर बसले. सदऱ्याचं बटण पिळू लागले.

"दादा," ते दाराला म्हणाले, "डावा खांदा मीच चुकीचा कापला होता. घाईत. लोकांना कळलं तर आपलं नाव जाईल, म्हणून पोरावर ढकललं. पोरगा सरळ आहे."

कडी निघाली. थोरले उंबऱ्यात उभे.

"हे त्याच्या तोंडावर सांगशील?"

"सांगेन."

"चारचौघांत?"

काका पायरीवरून उठले. "सांगेन."

"सणाला येतोय तो, माझं सामान न्यायला. आता आत ये. उपास लागेल, दोन घास खाऊन घे. त्या साक्षीदारालाही घे, उपाशी दिसतोय."

मांडव उभा राहिला. खांब अर्थातच मी वाहिले; साक्षीदार स्वस्तात मिळतो. सणाच्या पहिल्या संध्याकाळी, शेजारीपाजारी जेवायला बसलेले असताना, काका उभे राहिले आणि त्यांनी डाव्या खांद्याची गोष्ट सांगितली. या वेळी एकदाही 'पण' म्हणाले नाहीत. जावई, एरवी अबोल माणूस, कानापर्यंत लाल झाला.

"मग नवीन शिवून द्या," तो म्हणाला.

काकांनी तिथल्या तिथे खिशातून टेप काढली.

"अरे, आज काम चालत नाही!" थोरले ओरडले. "बस खाली, धाकट्या!"

आणि काका बसले. त्यांनी कुणाचं ऐकल्याचं मी पाहिलेलं ते एकमेव उदाहरण.