दोघांपैकी एकाचं

परवा वाकडला आमच्या लिफ्टमध्ये कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक माणूस शिरला आणि त्याच्या कपड्यांना येणाऱ्या मशीनच्या कूलंटच्या तेलकट वासाने मला पीएचडीच्या वर्षांतली एक सकाळ आठवली. आकुर्डीच्या घरी बाबा नाइट शिफ्ट करून आले की हाच वास यायचा. त्या सकाळी ते चहा पीत होते आणि मी फोनवर गणितातले नवे संशोधन-पेपर चाळत होते. एका पेपरचं नाव वाचलं आणि माझं बोट तिथेच थांबलं. माझी अख्खी पीएचडी मी मांडलेल्या ज्या प्रमेयावर उभी होती, तेच खोटं आहे, असं कुणी अनोळखी माणूस म्हणत होता. “काय झालं गं?” बाबांनी विचारलं. मी सांगितलं. “म्हंजे दोघांपैकी एकाचं चुकलंय. मग उघड की, बघ कुणाचं.” मला ते उघडवेना. शेवटी बाबांनीच स्क्रीनवर बोट टेकवलं आणि झोपायचं सोडून शेजारी बसून राहिले. दुपारी चूक सापडली. त्याची होती. आता ते प्रमेय मी वर्गात शिकवते. पण फळ्यावर शेवटची ओळ लिहून झाली तरी मी लगेच मागे वळत नाही. कुणीतरी हात वर केलेला असेल, अशी भीती वाटते.