काच काढायची राहिली

एकोणीस डिसेंबर. सकाळी दुकान उघडून मी काचेचे उरलेले तुकडे निवडत होते. कामाचे एकीकडे, कडा उडालेले दुसरीकडे. इंदापूरच्या एसटी स्टँडजवळ आमचं फ्रेमचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी चालवते. शेजारच्या फोटो स्टुडिओतले गायकवाड पाकीट घेऊन आले. "शमीमभाभी, मयताचा फोटो हाय. आधी करा."

मयताचा फोटो आला की हातातलं काम सोडायचं आणि तो फोटो रात्री दुकानात ठेवायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. मापतानाही फोटो पालथा ठेवायचा, म्हणजे चेहऱ्यावर ओरखडा येत नाही. मी मापला, काच कापली, पट्टीचे चार तुकडे करून कोपरे जुळवले. सगळं तयार झाल्यावर पुसायला म्हणून फोटो उलटला, तर बबनराव.

निरवांगीचे चित्रकार बबनराव. परवा याच टेबलाशी उभे राहून माझ्याशी वाद घालून गेलेले.

मी गायकवाडांवर ओरडले. म्हटलं, चांगल्या जित्या माणसाचा फोटो मयताच्या पाकिटात घातलात, जरा बघून तरी द्या! ते म्हणाले, "भाभी, मी चुकलो आसंन. पण फोटो त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं आणून दिलाय, तो चुकंल का? काल सकाळी गेले. मला वाटलं तुमाला कळलंय..."

मला रडूबिडू आलं नाही. मी फ्रेम ठोकली, कारण ती संध्याकाळच्या आत पोचवायची होती. खिळा दोनदा वाकडा गेला, एवढंच.

बबनरावांची आणि माझी ओळख भांडणातूनच झालेली. बरीच वर्षं झाली, ते जाड कागदावरचं एक चित्र घेऊन आले. सगळा कागद काळा आणि खाली एक फिकट पट्टा. मी विचारलं, "हे काय आहे?" म्हणाले, "मेंढ्या गेल्यावरची जागा." मी म्हटलं, "मेंढ्या असतानाच काढायचं होतं, लोकांना कळलं तरी असतं." ते इतके हसले की बाहेरचा रिक्षावाला डोकावला. त्यांच्या घराण्यात आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी ती विकून शेती धरली. बबनराव शेतीही करत आणि उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी भवानीनगरपर्यंत फिरून ट्रॉल्यांच्या मागं मालकांची नावं रंगवत. तो धंदा. चित्रं म्हणजे उरलेलं आयुष्य.

मला कलेतलं काही कळत नाही आणि मी ते लपवलंही नाही. कदाचित म्हणूनच ते माझ्याशी बोलत. दुकानातला काळा रंग ते कधी घेत नसत. काजळीत डिंक मिसळून स्वतः करत. "ताई, काळा एकच नसतो," ते म्हणायचे. "आमच्या आज्याचं मेंढरांचं अख्खं खांड काळं हुतं, पर म्हातारा अंधारातबी एकेक मेंढी वळखायचा. मला तेवढं जमलं की बास." एकदा मी विचारलं, ट्रॉलीवरचं नाव तासाभरात होतं, मग चित्राला वर्ष का लागतं? म्हणाले, "नाव लोकांना वाचायचं आसतंय, ते पुरं करावंच लागतं. चित्राला कुठं जायाचंय? मला कळंना झालं की मी थांबतो. कळलं की परत बसतो."

या परत बसण्यापायी माझ्या दुकानाचा एक कोपरा त्यांनी अडवला होता. अर्धवट चित्र आणून भिंतीला टेकवायचे. "घरी रोज दिसतंय, मग दिसंनाच. तुमच्याकडं ठिवतो." आठवड्या-पंधरवड्यानं येऊन स्टुलावर बसायचे, माझा चहा प्यायचे, चित्राकडं बघायचे आणि कधी काहीच न करता निघून जायचे. मी धूळ पुसायला फडका घेतला की अडवायचे. "ऱ्हाऊ द्या. धूळ कुठं बसती, तेबी मला बघायचं आसतंय." मला हे अजिबात पटायचं नाही. दुकान आहे की उकिरडा?

शेवटचं चित्र तीन वर्षं कोपऱ्यात होतं. पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी त्यांना विचारणा झाली होती आणि तिथं चित्रं फ्रेम करूनच घेणार होते. मला वाटलं, हा माणूस असंच करत बसेल आणि संधी जाईल. मी त्यांना न विचारता चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट कापला, वर काच लावली, मागून खिळे मारून कागद चिकटवला. काम सुंदर झालं होतं. आजही म्हणेन.

सतराला ते आले. बघत राहिले. "ताई, दार लावलं की तुमी," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "तीन वर्षं झाली बबनराव, अजून किती?" "खालच्या अंगाला हात घालायचा ऱ्हायलाय. आज सकाळीच कळलं, काय करायचं ते. काच काढा." टेबलावर लग्नाच्या फ्रेमा पडल्या होत्या. म्हटलं, "आता वेळ नाही. उद्या काढते." "उद्या येतो मग," म्हणाले आणि गेले.

अठराला मी काच काढली नाही. ते आले नाहीत, म्हटलं रागावले, आठवडाभर येत नाहीत आता. तेव्हा ते नव्हतेच. सकाळी चहा पिऊन बूट घालायला वाकले, ते तसेच कलंडले. बावन्न वर्षांचा धडधाकट माणूस. माझ्याकडंच यायला निघाले होते, हे मला एकोणीसच्या संध्याकाळी कळलं. फोटो घेऊन मी निरवांगीला गेले. त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, फ्रेम दोन्ही हातांनी घेतली, पदरानं काच पुसली. मग मला म्हणाल्या, "रंग कालवून ठिवलाय त्यांनी. म्हणत हुते, शमीमताईनं आज काच काढली आसंल." पुढं विचारलं, "काढली का हो?"

मी हो म्हणू शकले असते. "नाही," म्हटलं.

वाटीत कालवलेला काळा रंग खिडकीत होता, वर साय धरलेला... मी बघितला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी पक्कड घेतली. मागचा कागद फाडला, खिळे उपसले, काच काढून उरलेल्या काचांमध्ये उभी केली. चित्र पुन्हा त्यांच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलं, स्टूल समोर ओढलं. सवयीनं फडका घेऊन वाकले. मग तो परत खिळ्याला अडकवला.