उपाशी पिक्चर आणि माझी आतेसासू

टीव्ही बघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण टीव्हीने जिला घाबरावं अशी बाई आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझी आतेसासू निघाली. ऐंशीच्या दशकात कांदिवलीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत ठेवलेला तिचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही संध्याकाळी उघडला जाई, तेव्हा पडद्यावरची माणसंसुद्धा जरा सावरून बसत असावीत असा माझा दाट संशय आहे. आतल्या मंडळींना वाटे आपण प्रेक्षकांचं मनोरंजन करतोय. त्यांना काय कल्पना, की समोर पदर खोचून एक मालवणी बाई बसलीये आणि ती त्यांची झडती घेतेय!

आतेला अभिनयाशी देणंघेणं नव्हतं. गाणी चालू झाली की ती लसूण सोलायला घ्यायची. कथा, संवाद, कॅमेरा या गोष्टी तिच्या लेखी पेटीवरच्या भरतकामाच्या कापडाइतक्याच महत्त्वाच्या. पिक्चर जोखायची तिची एकच कसोटी होती: यात कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं? वीस वर्षांनी मुलगा घरी येतो, आई हंबरडा फोडून त्याला मिठी मारते, सगळी खोली हुंदके देतेय, आणि आतेचा आवाज खणखणायचा, "अगो, आधी पाणी दी त्येका! मगे रड काय ता!" पिक्चर संपला की तिचा निकाल ऐकायला शेजारीपाजारी थांबून राहत. "हो पिक्चर बरो आसा," ती म्हणायची, "पण उपाशी." एकदा हा शिक्का बसला, की त्या पिक्चरने जगभरातली बक्षिसं आणली असती तरी आमच्या मजल्यावर त्याला किंमत उरत नसे.

एरवी आते चांगलं शुद्ध मराठी बोलायची. राग आला किंवा काळीज हललं की मात्र मालवणीवर यायची. नायिका डोक्यावर हंडा घेऊन मुरडत निघाली, की आते शांतपणे जाहीर करायची, "रिकामा आहे. भरलेला असता तर मान अशी वळली नसती." गरीब आई जात्यावर दळायला बसली, तर आतेचा डोळा पिठावर. "नुसतं जातं फिरवतेय. पीठ कुठाय?" आणि त्याच आईने मुलाचा पहिला नंबर आला म्हणून हलवा केला की आते उसळलीच. "काल हिच्याकडे औषधाला पैसे नव्हते. आज तूप कुठून आलं?" याचं उत्तर कुठल्याही दिग्दर्शकाने आजवर दिलेलं नाही.

गुप्तहेराच्या मालिकेत तर तिने त्या गुप्तहेराचं काम जवळजवळ संपवून टाकलं होतं. पहिल्या पाचेक मिनिटांत ती खुनी सांगायची आणि तो तोच निघायचा. मी एकदा गुपित विचारलं. म्हणाली, "अरे सोपं आहे. चहा अर्धा टाकून उठला ना, तो. मनात पाप असलं की चहा जात नाही." शेतीचा कार्यक्रम हा तिच्या मते टीव्हीवरचा सर्वांत उत्तम कार्यक्रम. सज्जात पत्र्याच्या डब्यात एक तुळस, एवढीच तिची शेती. पण भाताच्या तुडतुड्यांवर ती अधिकारवाणीने बोलायची. "त्यात कोणी खोटं रडत नाही," हे कारण.

समोरच्या बिऱ्हाडात एक निवृत्त मास्तर राहत. ते कलात्मक चित्रपटांचे भक्त, त्यामुळे आतेचे जन्माचे वैरी, आणि त्यामुळेच रोज तिच्याकडे टीव्हीला हजर. दुपारच्या एका पिक्चरमध्ये एक माणूस बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला होता.

"दिग्दर्शकाला इथे काहीतरी सांगायचंय, वहिनी," मास्तर म्हणाले.

"मग सांगत का नाही मेला? आपण काय त्याचं तोंड धरलंय?"

पण त्याच पिक्चरमध्ये पुढे तो माणूस खाली बसला आणि त्याने एक अख्खी भाकरी, सावकाश, चटणी लावून खाल्ली. संवाद नाही, संगीत नाही. मास्तर जांभई देत होते. आते मात्र श्वास रोखून शेवटच्या घासापर्यंत बघत राहिली. "खरी भाकरी होती," ती शेवटी म्हणाली. "खरोखरचा जेवला. यासारखा पिक्चर नाही." पुढे कितीतरी दिवस मास्तरांना आपण वाद जिंकलो की हरलो हेच कळत नव्हतं.

आता माझं प्रकरण. कुंदा आणि मी अंधेरीला एका ऑफिसात होतो, आणि आमचं आमच्यात ठरलेलं होतं. माझ्या घरून होकार होता, गावाकडून तिच्या आईवडिलांचाही होता. पण कुंदाला लहानपणापासून वाढवलं ते आतेने, आणि कुंदाने मला बजावून ठेवलं होतं, "आते नाही म्हणाली तर नाही हां. मी तिच्याविरुद्ध जाणार नाही." म्हणून रीतसर पोह्यांचा कार्यक्रम ठरला, रविवारी संध्याकाळी पाचला. कुंदाने आणखी एक ताकीद दिली. आतेच्या घरचा एक रिवाज होता. पिक्चरच्या मध्येच लाइट गेले, आणि तेव्हा कांदिवलीत ते जात, तर अंधारात प्रत्येकाने पुढची गोष्ट सांगायची. कुंदाच्या चुलतबहिणीला बघायला मुलुंडचा एक इंजिनिअर आला होता, त्याने सांगितलं की नायक येऊन सगळ्यांना गोळ्या घालतो. त्या स्थळाचं पुढे काही झालं नाही.

माझ्या आईने मला सकाळपासून अन्नाला शिवू दिलं नव्हतं. "तिथे आग्रह करतील, पोट मोकळं ठेव." त्यात मी नेमका बिल्डिंग चुकलो, भलत्याच घरी दोन जिने चढून नमस्कार करून आलो, आणि आतेच्या दारात पोचलो तेव्हा संध्याकाळचा पिक्चर सुरू झाला होता. मला हाताने खूण झाली, बस. स्वयंपाकघराचं दार टीव्हीच्या बाजूला, आणि पिक्चर चालू असताना टीव्हीपुढून जायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मधल्या बातम्या लागल्या की पोहे येणार होते. तोवर त्या दाराच्या पडद्यामागून फोडणीचा, कोथिंबिरीचा, ओल्या खोबऱ्याचा वास येत राहिला. जगातल्या सगळ्या उपाशी नटांची काळजी वाहणारी ती बाई, आणि तिच्या शेजारी खुर्चीत बसून भुकेने माझे डोळे फिरत होते!

पिक्चरमध्ये एक म्हातारा बाप खूप वर्षांनी, अंगावरच्या मळक्या कपड्यांनिशी, मुलाच्या दारात येऊन उभा राहिला. मुलगा समोर. दोघे एकमेकांकडे बघतायत. आणि लाइट गेले.

अंधारात आतेचा आवाज आला. "मास्तर, बोला."

"दोन पिढ्यांचा संघर्ष होईल, वहिनी. मुलगा जाब विचारेल."

"हं. तुम्ही बोला हो घाटकोपर."

घाटकोपर म्हणजे मी, राहायला तिथे म्हणून. कुंदाने अंधारात माझा शर्ट मागून ओढला. मी काहीतरी थोर बोलायला तोंड उघडलं, आणि देवाशपथ सांगतो, डोक्यात एकही थोर विचार शिल्लक नव्हता. होते फक्त पोहे.

"आधी त्यांना खायला देतील," मी म्हणालो. "फार नको. पोहे चालतील. वर जरा खोबरं."

मास्तर खोकले. माझ्या पाठीवरचा हात गळून पडला. वाट लागली, मी मनात म्हटलं.

"आणि मग?" आतेने विचारलं.

"मग काय, पोटात गेल्यावर बोलतील ना हो. रिकाम्या पोटी माणूस काय बोलणार?"

मग पाटाचा आवाज झाला, बांगड्या वाजल्या. आते उठली होती. मेणबत्ती घेऊन ती बाहेर आली, तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात गार झालेल्या पोह्यांची, काठोकाठ भरलेली बशी होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कुंदा, आधी पाणी दी त्येका."

आमचं लग्न ठरलं ते या वाक्याने.

लग्नानंतर कुंदाने मला सांगितलं. आतेचे यजमान एका कारखान्यात होते. एका सकाळी काहीतरी क्षुल्लक बोलाचाली झाली, वाढलेलं ताट तसंच ठेवून ते कामावर निघून गेले, आणि तिथल्या अपघातातून परत आले नाहीत. त्या ताटाबद्दल आते कधी बोलली नाही. ती नुसती पिक्चर बघत राहिली.

काही वर्षांनी घरात रंगीत टीव्ही आला आणि एका रविवारी तोच पिक्चर पुन्हा लागला. आम्ही आतेकडेच होतो. म्हातारा दारात येऊन उभा राहिला. मी सरसावून बसलो, आता पुढचं कळणार म्हणून. आते उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

"अहो आते, शेवट!"

"मला ठाऊक आहे. थेटरात बघितलाय, ह्यांच्याबरोबर. वाईट आहे." ती पेटीवर कापड पसरू लागली. "तू सांगितलेलास तो बरा होता." मग माझ्याकडे वळून मिश्कील हसली. "त्या दिवशी तुझ्या पोटाचो आवाज माका आयकाक येय होतो हां. मास्तरांकय येय होतो. म्हटलां, उपाशी माणूस खोटा काय बोलतलो? चला आता, पानां वाढलंय."

आते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो पिक्चर शोधला तर आज सहज मिळेल. मुलांनी विचारलंही, लावू का बाबा? मी नको म्हणतो. माझ्या पिक्चरमध्ये तो म्हातारा आत आलाय, पाणी पिऊन पाटावर बसलाय, सावकाश जेवतोय. आणि समोर पदर खोचून आते उभी आहे, हातात भाताचं पातेलं घेऊन, त्याचं ताट रिकामं व्हायची वाट बघत.